दगड कुणी उचलायचा?

बैलगाडी एकट्याने उचलणाऱ्या यंत्रमानवाला चाकाचा एक साधा नट का सोडवता येऊ नये? हे कोडं मला कुंभार्ली घाटात पडलं. पण तेव्हा मी इतकी चिडले होते की कोड्याकडे माझं लक्षच नव्हतं.

साल होतं २०६१. माझी विशाखाआत्या यंत्रमानव बनवते. सात वर्षं खपून तिने हरकाम्या तयार केला होता. चंद्रावरच्या गाड्यांची चाकं बदलणं हे त्याचं काम. त्या दिवशी कऱ्हाडला त्याची निवड-चाचणी होती आणि एकच्या ठोक्याला दार बंद होणार होतं. एक मिनिट उशीर झाला तरी सात वर्षं पाण्यात.

आत्या, हरकाम्या आणि मी चिपळूणहून निघून घाट चढत होतो. एका वळणावर रस्त्यात कलिंगडाएवढा दगड! आत्याने गाडी वळवली, पण दगडाच्या धारेने पुढचा डावा टायर फाडलाच. वाजले होते अकरा वीस.

तो दगड डोंगरावरून पडलेला नव्हता. त्याच्या शेजारी ऑइलचा ताजा डाग होता. म्हणजे कुणाचा तरी ट्रक बंद पडला, मागे घसरू नये म्हणून त्याने चाकामागे दगड लावला आणि काम झाल्यावर तो तिथेच टाकून स्वारी पसार!

"गाढव कुठला!" मी ओरडले. "दोन पावलं चालून बाजूला टाकता येत नव्हता? हात झिजले असते का?"

"रागव हवं तेवढं, पण आधी खाली उतर आणि डोंगराच्या बाजूला उभी राहा," आत्या म्हणाली.

तिने गाडी वळणाच्या पुढे डाव्या कडेला, त्यातल्या त्यात सपाट जागी घेतली होती. तिने इशाऱ्याचे दिवे लावले, हँडब्रेक ओढला आणि गाडीमागे चांगल्या पन्नास पावलांवर, वळणाच्या अलीकडे लाल त्रिकोण ठेवला. मग रस्ता मोकळा बघून तिने तोच दगड आणला आणि मी तो मागच्या चाकामागे घट्ट सारला.

तोवर हरकाम्याने जॅक लावून गाडी उचललीसुद्धा. पाना नटाला लावून फिरवला, तर नटासकट अख्खं चाकच गरागरा फिरलं. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच.

"ताकद वाढवू का, शालूताई?"

"वाढव की!" मी म्हणाले. जॅकवरची गाडी डुलायला लागली.

"थांब!" आत्या ओरडली. "गाडी खाली घे. शालू, तूच सांग, चाक आता का फिरतंय?"

"कारण ते हवेत आहे. त्याला धरायला कुणी नाही."

"आणि जमिनीवर असताना कोण धरतं?"

मी विचारात पडले. मग म्हणाले, "रस्ता?"

"बरोबर. त्याला घर्षण म्हणतात (दोन वस्तू एकमेकींवर घासताना होणारा अडथळा). गाडीचं वजन चाकाला रस्त्यावर दाबून धरतं, म्हणून घर्षण वाढतं. हँडब्रेक आपल्या गाडीत फक्त मागची चाकं धरतो, पुढची नाही. प्रयोगशाळेत चाक चौकटीत घट्ट बसवलेलं असायचं, म्हणून हरकाम्याला हे कधी कळलंच नाही. चूक माझी."

मग चाक जमिनीवर असतानाच हरकाम्याने पाचही नट अर्धा-अर्धा फेरा सैल केले. नंतर जॅकने गाडी उचलली. आत्याने स्टेपनी (जादा चाक) आधी गाडीखाली आडवी सरकवली. जॅक निसटलाच, तर गाडी तिच्यावर टेकणार होती. "आणि गाडीखाली डोकं कुणीही घालायचं नाही," तिने दरडावलं. फाटलेलं चाक निघाल्यावर ते खाली सरकवून स्टेपनी बसवली. नट ओळीने न आवळता एक इकडचा, एक समोरचा असे आवळले, म्हणजे चाक तिरकं बसत नाही.

"शेवटचं घट्ट पिळणं मात्र गाडी खाली उतरवल्यावर," मी म्हणाले. "नाहीतर चाक पुन्हा फिरेल!"

आत्या त्या सकाळी पहिल्यांदा हसली.

अकरा पन्नास. सामान भरलं, त्रिकोण आणला. "चला, चला!" मी घाई केली. गाडी वीसेक फूट पुढे गेली असेल, तोच हरकाम्या मागे बघत म्हणाला, "शालूताई, दगड रस्त्यात ठेवून जाणाऱ्याला गाढव म्हणतात, असं आज तुमच्याकडून शिकलो. आता आपल्यापैकी गाढव कोण?"

माझे कान तापले. तो दगड मीच लावला होता. आणि मगाशी तावातावाने कोण बोलत होतं? मीच!

आत्याने घड्याळाकडे पाहिलं आणि तरीही गाडी थांबवली. हरकाम्याने दगड उचलून गटाराच्या पलीकडे नेऊन ठेवला.

कऱ्हाडला पोचलो तेव्हा एकला दोन मिनिटं कमी होती. चाचणीत हरकाम्याने चंद्रगाडीचं चाक झटपट बदललं. पण घड्याळ चालू असतानाच तो परत वाकला आणि चाक घसरू नये म्हणून मागे लावलेली पाचरीसारखी ठोकळी काढून कडेला ठेवून आला. त्यात अकरा सेकंद गेले.

"काम तर संपलं होतं," परीक्षक वैतागून म्हणाले. "हे अकरा सेकंद कशाला घालवलेस?"

"मागून कुणीतरी येत असतं," हरकाम्या म्हणाला.

परीक्षकांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. निकाल पुढच्या महिन्यात आहे. चंद्रावर अजून धड रस्तेही नाहीत. ते होतील तेव्हा तिथे हरकाम्या असावा, असं मला फार वाटतं. आणि इथल्या घाटात दगड दिसला, तर आत्या गाडी नीट कडेला घेते आणि आता आम्हीच तो उचलतो. राग मात्र अजूनही येतो.