बाबांची काठी

गोल्फच्या ज्या काठीने बाबांचा चेंडू सहज दरीपार जायचा, त्याच काठीने मारलेला शाल्मलीचा चेंडू दरीत का पडावा? चंद्रावरच्या वसाहतीत राहणाऱ्या या पोरीला हे कोडं काही सुटेना. दरीवरचा पूल खचला आणि पलीकडच्या दुर्बीणघरात कामाला गेलेले बाबा तिकडेच अडकले. पडद्यावर रोज दिसायचे, बोलायचे. पण हात लावला की लागायची ती गार काच. तिला बाबांची फार आठवण यायची.

तिथली एक रीत होती. चंद्रावर सूर्य महिन्यातून एकदाच उगवतो. त्या सकाळी प्रत्येक घराने निरोप लिहिलेला गोल्फचा चेंडू पलीकडे टोलवायचा. एकच हं, दुसरा मागायचा नाही! गेल्या खेपेला शाल्मलीचा चेंडू दरीत गडप झाला आणि पलीकडे बाबा रिकाम्या हातांनी परतले. आता उद्या पुन्हा सूर्य उगवणार होता.

सरावाच्या दालनात ती घामाघूम झाली, तेव्हा खटपट्या नावाचा दुरुस्ती-रोबो मध्ये तोंड घालायला आलाच. त्याने समजावलं, की काठीचा शाफ्ट (मूठ आणि डोकं जोडणारा दांडा) फिरवताना वाकतो आणि चेंडूपाशी येताना झटकन सरळ होतो. तो झटका चेंडूच्या कामी येतो. बाबांचे हात वेगवान, म्हणून त्यांचा शाफ्ट ताठ पोलादी. शाल्मलीचे हात सावकाश, त्यात तो अवजड अंतराळपोशाख. तिच्या हातात पोलाद वाकणार कसं?

चंद्रावर तर काठी हलकी लागते, असं ती हटून म्हणाली. वजन घटतं, पण वस्तुमान (वस्तूत भरलेलं द्रव्य) तेवढंच राहतं, म्हणून ती फिरवायला जोरही तेवढाच लागतो, असं खटपट्या म्हणाला. तिला हवा होता कार्बनतंतूंचा (केसाहून बारीक, चिवट धाग्यांचा) हलका, लवचीक शाफ्ट.

शाल्मलीने बाबांची काठी छातीशी धरली. मुठीवर त्यांच्या बोटांचे खळगे होते. ते सोडून दुसरं काही धरायचं या विचाराने तिला रडूच आलं.

खटपट्या म्हणाला, "चेंडू कुणाकडे जायचाय?"

सकाळी तिने बाबांची काठी पुसून खडकाला टेकवून ठेवली आणि खटपट्याने रातोरात बनवून दिलेली हलकी काठी उचलली. शाफ्ट वाकला, सरळ झाला. चेंडू दरीवरून गेला, गेला, आणि पलीकडे एक इवलीशी आकृती धावली, वाकली.

कानात आवाज आला, "मिळाला गं! माझ्या काठीने मारलास?"

"नाही बाबा, माझ्या," शाल्मली म्हणाली. "तुमची पुसून ठेवलीय. पूल झाला की घ्यायला या."