एक होडी बाहेर आहे

खांद्यावर घमेलं, हातात थापी आणि ओळंबा अशा थाटात तो परका गडी टेकडी चढून आला, तेव्हा तुळशी इगर्जीचं दार झाडत होती. तिने झाडूचा शेवटचा फटकारा मारला आणि सगळी धूळ थेट त्याच्या तोंडावर गेली.

"अगं बाय, माणूस बघून झाड की!"

"वर बघत चालाल तर धूळच खाल," तुळशी म्हणाली. त्याच्या लांब पापण्यांवर धूळ बसली होती आणि तो डोळे मिचकावत होता. तिला हसू आवरेना.

"इथली चावी भागोजी कोळ्याकडे असते म्हणं?"

"मी त्याचीच लेक. चावी कशाला?"

तो जरा घुटमळला. "हे दार बुजवायचा हुकूम हाय."

तुळशीचं हसू जागच्या जागी विरलं.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या साली ही गोष्ट घडली. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, टेकडीवर, पोर्तुगिजांच्या वेळचं हे जुनं चर्च, वाडीच्या भाषेत इगर्जी, उभं होतं. वाडीतली किरिस्ताव घरं कधीच कोरलईला उठून गेली होती. जाताना पाद्रीबाबांनी चावी तुळशीच्या आज्याच्या हातात ठेवली, आणि "दार मोकळं ठेव," एवढंच सांगितलं. सणाला पाद्री येऊन प्रार्थना म्हणायचे. एरवी आतल्या मूर्तीतली माय सगळ्यांची. पण गेल्या पावसाळ्यात आतल्या बाजूचं छत तडकलं, एक दगड खाली आला, आणि सरकारने ठरवलं की दारच बुजवून टाकावं. म्हणजे कुणाच्या डोक्यात काही पडायला नको!

"न्हाय जमायचं," तुळशी दारात आडवी बसली. "एक जरी होडी दर्यात असली तरी हे दार बंद करायचं न्हाय. वाडीचा नेम हाय. आत त्या होडीची मेणबत्ती जळते."

"मग होड्या परत आल्या की बांधतो."

"बांधा की!" तुळशी गोड हसली.

तो गवंडी, चंदर मिस्त्री, सरळ मनाचा होता बिचारा. तो वाट बघत राहिला. एक होडी किनाऱ्याला लागली की दुसरी निघे. दुसरी आली की कुणातरी म्हाताऱ्याला नेमकी तेव्हाच मासळीची आठवण होई. सगळी वाडी त्याला बनवत होती, आणि चार दिवसांत त्याच्या ते लक्षातही आलं. पण त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. रोज संध्याकाळी तो टेकडीवर येई, पायरीवर बसे, आणि तुळशीची पावलं वाजली की उगाच ओळंबा पुसू लागे.

"आजबी होडी बाहेर?" तो विचारी.

"आजबी."

"बरं झालं," एकदा तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. तुळशीने ऐकलं नाही असं दाखवलं. घरी जाताना मात्र तिची पावलं जमिनीवर पडत नव्हती.

ती आईविना वाढलेली. बाप दर्यात गेला की त्याच्या नावाची मेणबत्ती तीच लावी. चंदर दारातून बघत राही.

"माझा बाप आगरदांड्याचा कोळी," एके दिवशी तो आपणहून म्हणाला. "मी लहान असतानाच दर्यानं नेला त्याला. आईनं मग मला पालीला गवंड्याच्या हाताखाली घातलं. 'पाण्यात पाय टाकू नको' म्हणाली. आता ती बी न्हाय. पन मी... अजून गुडघाभर पाण्यातबी घाबरतो."

कोळ्याचा पोर आणि पाण्याला भितो! दुसरा कुणी असता तर तुळशीने त्याची वाडीभर चेष्टा केली असती. आता तिला फक्त त्याचा हात धरावासा वाटला.

"मी गेलो दर्यात, तर माझी मेणबत्ती कोन लावील?" त्याने हळूच विचारलं.

"ती घरच्या बाईनंच लावायची असते."

"घरी बाई न्हाय."

"मग... दर्यात जाऊ नका," तुळशी म्हणाली आणि पदर सावरत टेकडी उतरून पळाली.

असे दिवस मजेत चालले होते, पण शिमगा जवळ आला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. शिमग्याला कोळ्याची प्रत्येक होडी घरी येते. पताका लावतात, पूजा करतात, आणि होळी पेटेपर्यंत होडी पाण्यात उतरवत नाहीत. भिंतीचा हुकूम देणारे ओव्हरसियर साहेबही हे जाणून होते. त्यांनी नेमका तोच दिवस धरला.

"आदल्या दिवशी तरी तुमी निघून जा," तुळशी रडवेली होऊन म्हणाली.

"मी गेलो तर दुसरा मिस्त्री येईल. त्याला तू धुळीनं न्हाऊ घालशील, पन तो थांबायचा न्हाय."

"आणि तुमीच भिंत घातली, तर मी जन्मात तुमचं तोंड बघायची न्हाय!"

 चंदर थापी पायरीवर ठेवून निघून गेला.

शिमग्याच्या सकाळी साहेब घोड्यावरून आले. सगळी वाडी टेकडीवर जमली. खाली किनाऱ्यावर झाडून साऱ्या होड्या पताका मिरवत उभ्या दिसत होत्या.

"आता काय सबब आहे?" साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "मिस्त्री कुठे आहे?"

थापी पायरीवरच होती. मिस्त्री नव्हता. तेवढ्यात भागोजी डोळ्यांवर हात धरून ओरडला, "सायेब, एक होडी बाहेर हाय!"

खाडीच्या तोंडाशी भागोजीचीच लहानगी होडी गरागरा फिरत होती. वल्हवणारा एकदा इकडे वल्हं मारी, एकदा तिकडे, आणि होडी काही सरळ जाईना. वाडी खो खो हसली. तुळशीला मात्र हसू आलं नाही. एवढ्या लांबूनही तिने त्याला ओळखलं.

"बोलवा त्याला!" साहेब गरजले.

"आता कुठला येतो," भागोजीचा आवाज एकदम बदलला. "ओहोटी लागलीय. पोर बाहेर ओढला चाललाय!" शिमग्याचा नेम बाजूला टाकून तो किनाऱ्याकडे धावला आणि तरण्या पोरांनी पताकांसकट होडी पाण्यात लोटली.

तुळशी वळली. सगळ्या बायका बघत होत्या, बापाची माणसं बघत होती. तिने कुणाकडेही पाहिलं नाही. आत गेली, मेणबत्ती लावली आणि मायेसमोर उभी केली. बाहेर कुजबुज झाली. ती मेणबत्ती कुणाची आणि लावणारी कोण, हे आता सांगायची गरज उरली नव्हती.

मागे बूट वाजले. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मिस्त्री त्यांनीच आणलेला, काही बरंवाईट झालं तर... "मला पण एक दे," ते म्हणाले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनीही मेणबत्ती लावली.

"सायेब," तुळशी हळूच म्हणाली, "भिंतच घालायची ना? मग आत, मायेच्या मागं, तडकलेल्या छताच्या अलीकडे घाला. तिकडं कोनी जानार न्हाय, आन् दार मोकळं राहील."

साहेबांनी दोन्ही ज्योतींकडे पाहिलं. "आधी मिस्त्री तर येऊ दे," ते म्हणाले. "मग घालू आतच."

दुपारी भागोजीने त्याला ओढून आणला. चंदर चिंब भिजला होता आणि चेहरा हिरवा पडला होता. टेकडी चढून तो दारापर्यंत आला, आत डोकावला आणि जागीच थबकला.

"दोन कशा?"

"एक सायेबांची," तुळशी म्हणाली.

"आणि दुसरी?"

तिने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने ती उंबऱ्यावरची वाळू उकरत राहिली. "घरची बाई लावते... ठाऊक हाय ना तुमाला?"

चंदर धुळीच्या त्या पहिल्या दिवसासारखे डोळे मिचकावू लागला आणि त्याच्या ओठांवर बावरलेलं हसू फुटलं. मागे भागोजी मोठ्याने खाकरला.

"आरं जावयबापू, हसतोस काय! आदी वल्हवायला शीक!"