खालच्या मजल्यावरचा झिम्मा

दार उघडताच योगिनीने हात जोडले. “सॉरी हां! श्रावणात मंगळागौरीचे कार्यक्रम आहेत ना, म्हणून आमच्या ग्रुपच्या सरावाचा हा धांगडधिंगा. आता बंदच करतो आम्ही.”

वॉकर धरून उभा असलेला खालच्या मजल्यावरचा रवींद्र घाबरलाच. “बंद नका करू हो! तेच सांगायला आलेलो... प्लीज, अजून थोडा वेळ नाचा ना.”

दणदणाट चालू ठेवा म्हणून सांगायला आलेला शेजारी योगिनीने अख्ख्या डोंबिवलीत पाहिला नव्हता. ती त्याच्याबरोबर लिफ्टने खाली गेली, तेव्हा कुठे तिला उलगडा झाला. मज्जातंतूंच्या आजाराने त्याचे पाय त्यांच्या मनाला येईल तेव्हाच हलायचे. फिजिओथेरपिस्टने घरी करायचा व्यायाम दिला होता. ओट्याला धरून उभं राहायचं, पाय उचलायचा, टेकवायचा. पण पाय जमिनीला चिकटूनच बसे. मात्र वर झिम्मा सुरू झाला, की त्या ठेक्यावर तो उचलला जाई!

“दाखवा बघू,” म्हणत योगिनीने टाळ्यांचा ठेका धरला.

त्याचा पाय थरथरला... आणि उचलला गेला! टाळीवर वर, टाळीवर खाली. शाळेपासून नाचणाऱ्या योगिनीच्या अंगावर काटा आला. एक पाऊल उचलणं एवढं मोठं असतं, हे तिच्या कधी ध्यानीमनीही नव्हतं.

मग ती रोजच ऑफिसमधून आल्यावर खाली जाऊ लागली. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

“आज टाळ्या चुकतायत तुझ्या,” तो चिडवायचा.

“तू पायांकडे बघ, माझ्याकडे नको!”

अशा वेळी भाजी निवडत बसलेल्या त्याच्या आईला नेमकं बाल्कनीतलं काम आठवायचं.

पण योगिनीला एक शंका आतून कुरतडत होती. याला मी हवीय, की नुसता ठेका? पाय सुधारले, की मग?

एका संध्याकाळी तिने मध्येच टाळ्या थांबवल्या. रवींद्रचा पाय जागीच अडला. ओटा घट्ट धरून त्याने तिच्याकडे पाहिलं.

“वाजवू?” तिने विचारलं.

“नको.” त्याने मोकळा हात पुढे केला. “ठेका काय, मोबाईलवरही मिळतो गं. तू यायला लागलीस त्याच आठवड्यात फिजिओने ॲप टाकून दिलंय.”

“मग मी रोज इथे कशाला—”

“तेच तर सांगायची हिंमत होत नव्हती...”

“लबाड!” योगिनी हसली आणि तिचे डोळे भरून आले. पुढे होऊन तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.