पाना वाजला

ही गोष्ट खरी आहे. बनवलेली असती तर हिच्यात मोकळे केस सोडलेली एखादी सुंदर बाई तरी घातली असती. इथे आहे ती एक प्लास्टिकची खुर्ची, एक पाना आणि पिण्याच्या पाण्याची वीस लिटरची कॅन. पटलं तर घ्या.

शनिवार होता. दिवेलागणीची वेळ. जागा... मामाचं टायरचं दुकान.

मामा तसा सगळ्या गल्लीचा मामा. खरा मामा तो एकट्या छकुलीचा, त्याच्या ताईच्या मुलीचा. पण लहानपणी ती दुकानात बसून एवढ्या मोठ्याने हाका मारायची की गिऱ्हाइकंही त्याला मामाच म्हणू लागली.

त्याचं काम अलॉय बसवायचं. गाडीची साधी लोखंडी चाकं काढायची आणि हौशी लोकांना चकचकीत अलॉय लावून द्यायची. काम दिसतं सोपं, पण बाहेरून घेतलेल्या चाकाचं मधलं भोक बऱ्याचदा गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्या गोल उंचवट्यावर बसतं त्याच्यापेक्षा, मोठं निघतं. तिथे नेमक्या मापाची रिंग बसवावी लागते. नटही त्या चाकाला जुळतील असेच लागतात. आणि सगळ्यात शेवटी टॉर्कचा पाना. हा पाना मोठा गुणी. नट हवा तेवढा आवळला गेला की स्वतःहून सांगतो...

कट्.

बस्स. त्यापुढे ओढायचं नाही.

मग गाडी थोडी पळवायची आणि नट पुन्हा एकदा आवळून घ्यायचे. नवीन चाक जागेवर बसता बसता नट सैल पडू शकतात.

मामाला तो आवाज जिभेने हुबेहूब काढता यायचा. डोळे मिटले तर पाना कुठला आणि मामा कुठला, सांगता यायचं नाही. छकुली तर त्याशिवाय घास घ्यायची नाही. "मामा, आधी पाना वाजव!" मग मामा तिचं नाक दोन बोटांत धरून आवळायचा. कट्. घास आत.

असा हा गुणी माणूस.

काही वर्षांपूर्वी त्याने भाऊजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या गाडीला अलॉय लावले. रिंग, नट, पाना, सगळं चोख. "थोडी पळवा आणि आणा भाऊजी, परत आवळून देतो." भाऊजी शहाण्या मुलासारखे रविवारी दुपारी हजर.

मामा नुकताच जेवून टायरांच्या थप्पीवर लवंडला होता.

"काय मेहुणे, दुकान चालू आहे की घोरतंय?"

"बसा भाऊजी. आलोच."

भाऊजी खुर्चीत बसले. मामा गाडीच्या पलीकडे जाऊन उकिडवा बसला. पापण्या मिटत होत्या. पाना भिंतीवर टांगलेला. तिथपर्यंत कोण जाणार?

मामाने जीभ टाळूला लावली.

कट्. कट्. कट्.

चारही चाकं झाली. एकाही नटाला हात न लावता.

"घ्या भाऊजी. दगडासारखी घट्ट."

भाऊजी हसले. जाता जाता मामाच्या पाठीत एक थाप मारली.

त्याच आठवड्यात, उतारावरच्या वळणावर, पुढचं डावं चाक गाडीला सोडून एकटंच पुढे गेलं.

भाऊजी घरी आले नाहीत.

रस्ता खराब होता, असं सगळे म्हणाले. मामाही म्हणाला. सगळ्यात आधी तोच म्हणाला.

त्यानंतर मामाच्या जिभेतून तो आवाज निघेना. बोलता येत होतं, जेवता येत होतं, शिव्या तर झकास देता येत होत्या. तेवढा एक आवाज गेला होता.

गेला म्हणजे... दुसरीकडे गेला होता.

पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मामा पंक्चर काढत होता. पाना भिंतीवर. दुकानात चिटपाखरू नाही. आणि मागे, रिकाम्या खुर्चीतून...

कट्.

मामाने अलॉयचं काम सोडलं. कुणी विचारलं तर कंबर धरलीय म्हणायचा. फक्त पंक्चर आणि हवा. खुर्ची टाकून द्यायला मात्र हात धजेना. रोज बाहेर ठेवायचा, आणि रोज ती परत आत दिसायची. आत तो स्वतःच आणायचा. उगाच भुताच्या नावावर कशाला खपवायचं?

तर त्या शनिवारी छकुली आली. जुनीच, पण स्वतःची गाडी घेऊन. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. उद्याच आईला घेऊन निघायचं होतं. डिकीत चार अलॉय.

"लावून दे, मामा."

"आहेत ती चाकं काय वाईट आहेत?"

"मामा, चहाच्या बशा लावल्यासारखी दिसते गाडी."

"कंबर धरलीय गं."

"आत्ता बॅटरी उचलून ठेवलीस माझ्यासमोर." ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबांना दिलीस ना लावून? मग मला का नाही?"

मामाने गपचूप जॅक ओढला.

इतकं मन लावून त्याने आयुष्यात काम केलं नसेल. हब ब्रशने घासले. रिंगा नेमक्या दाबून बसवल्या. नट आधी बोटांनी फिरवले, मग समोरासमोरचे आळीपाळीने, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. गाडी खाली उतरवली. भिंतीवरचा पाना काढला. छकुली फोनवर बोलत बाहेर गेली.

पहिला नट. ओढला. कट्.

दुसरा. कट्.

तिसऱ्या नटावर त्याने अजून पाना ठेवलाही नव्हता, आणि मागून...

कट्.

मामा वळला. खुर्ची रिकामी होती.

त्याच्या मनात काहीतरी चमकलं. साधा पाना घेऊन त्याने पहिल्या नटाला लावला.

नट फिरला. सहज... बरणीचं झाकण फिरावं तसा.

मग मघाशी वाजलं कोण?

कुणी त्याला भित्रा म्हणेल, पण तो घाबरला होता उद्यासाठी. या गाडीत ताई बसणार होती. छकुली बसणार होती. आणि नट घट्ट झाला हे सांगणारा तो एकच आवाज, आता त्याच्यावर विश्वास ठेवायची सोय नव्हती.

हवेच्या गनने आवळावेत? जास्त आवळलं तरी घातच. छकुलीला म्हणावं, जाऊ नकोस? का म्हणून?

मामाची नजर कोपऱ्यातल्या कॅनवर गेली.

पुढे त्याने जे केलं ते पाहून शेजारचा न्हावी अर्धी दाढी सोडून बाहेर आला. मामाने लांब दांडा नटाला आडवा लावला. दांड्यावर माप घेऊन खडूने खूण केली. आणि त्या खुणेवर दोरीने पाण्याची भरलेली कॅन टांगली. कॅनचं वजन ठरलेलं, दांड्याची लांबी ठरलेली. कॅन दांड्याला खाली नेईल तितकं नेईल. दांडा आडवा असताना थांबला की नट बरोबर आवळला गेला. यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. नुसतं बघायचं.

"मामा, गाडीला पाणी पाजतोयस?" छकुली परत येत म्हणाली.

"तू गप बस. खुर्चीत बसू नकोस."

मागून आवाज सुरू झाला. कट्... कट्... कट् कट् कट्... कॅन डोलत होती, त्याच्या पायांवर पाणी सांडत होतं. सांडलं की तो काठोकाठ भरायचा आणि पुन्हा टांगायचा. कानात कापूस घालून त्याने एकेक नट तसा आवळला.

"उद्या आधी गावाबाहेर चक्कर मारून ये," तो ओरडून म्हणाला. कापसामुळे त्याला आपलाच आवाज ऐकू येत नव्हता. "परत आवळल्याशिवाय कुठेही जायचं नाही!"

सकाळी दोघी चक्कर मारून आल्या. मामा कॅन भरून उभाच होता. ताई उतरली, आणि तो काही म्हणायच्या आत खुर्चीत बसली.

मामाने पहिल्या नटाला कॅन टांगली. दांडा केसभरही हलला नाही.

ताई मान वर करून भिंतीकडे बघत होती. खुर्चीच्या बरोबर वर, खिळ्याला, टॉर्कचा पाना लटकत होता.

"हा नेहमी इथेच असतो का रे?"

"हो."

"त्या रविवारीही इथेच होता." ती शांतपणे म्हणाली. "हे घरी येऊन किती हसले होते. म्हणाले, पाना माझ्या डोक्यावर लटकतोय आणि तुझा भाऊ पलीकडे बसून तोंडाने वाजवतोय."

मामाच्या हातातली दोरी सुटली. कॅन जमिनीवर आपटली.

"त्यांना... कळलं होतं?"

"मीही हसले होते. म्हटलं, परत जा, नीट आवळून आणा. तर म्हणाले, चाकं सैल असती तर त्याने थट्टा केली असती का?"

छकुली मागे वळून गाडीची काच पुसायला लागली. काच स्वच्छ होती.

"ही तरी घट्ट आहेत ना?" ताईने विचारलं.

"हो ताई."

"तोंडाने सांगू नकोस. दाखव."

मामाने कॅन पुन्हा भरली. ताई खुर्चीतून उठून त्याच्या शेजारी उकिडवी बसली. एकेक नट त्याने तिला दाखवला. दांडा कुठेच हलला नाही. खुर्चीतूनही काही वाजलं नाही.

शेवटचा नट झाल्यावर ती उठली आणि गाडीत जाऊन बसली. त्याच्याकडे न बघता.

संध्याकाळी छकुलीचा फोन आला.

"पोचलो, मामा. गाडी मस्त पळाली. फक्त... एक आवाज येत होता."

मामा उभा राहिला. "कुठल्या चाकातून?"

"चाकातून नाही. मागच्या सीटवरून. मागे तर कुणी नव्हतं. प्रत्येक वळणाच्या आधी यायचा. मी थांबून बघणार होते, पण आई म्हणाली, वाजू दे."

"कसला आवाज?"

लहानपणी मामाने शिकवला होता, तसा तिने तो फोनवर जिभेने काढून दाखवला.

मामाने फोन ठेवला. खुर्ची समोर होती. तो बराच वेळ कान देऊन बसला. काही नाही... नुसता पंखा.

मग त्याने जीभ टाळूला लावून बघितली.

आवाज आला नाही. अजूनही येत नाही.