दोन क्वाबेना

हे घडलेलं आहे. कोणाला पटवून द्यायची उमेद माझ्यात उरलेली नाही, त्यामुळे वाचायचं तर वाचा. अलाबामातलं लहानसं कॉलेजचं गाव, जानेवारी महिना... आणि रात्र नव्हती, चांगली उजाडलेली सकाळ होती.

मी क्वाबेना ओफोसु, घानातल्या कुमासीचा. माझ्याबरोबर राहायचा तो क्वाबेना अंत्वी, तोही तिकडचाच. आमच्यात मूल ज्या वारी जन्मतं, त्या वाराचं नाव त्याला चिकटतं. मंगळवारचे मुलगे सगळे क्वाबेना. घोळ नको म्हणून आम्ही एकमेकांना आडनावानेच हाक मारायचो. क्वाबेना म्हणायच्या त्या फक्त आमच्या आया, फोनवर.

घरात तिसरी सेरवा, तीही घानाचीच. वयाने मोठी, म्हणून आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. स्वयंपाकघर आणि आमचे कान, दोन्ही तिच्या ताब्यात.

त्या गावात बर्फ पडत नाही. त्या सकाळी पडदा सारला, तर अंगण गायब. कॉलेजला सुट्टी जाहीर झाली. थोड्या वेळाने वीज गेली, मग फोनचं नेटवर्कही गेलं.

अंत्वी हरखून गेला होता. एकावर एक दोन पँट्स, माझं जॅकेट, हातात भांडी घासायचे रबरी मोजे.

"फ्रीजर साफ करायला निघालास का रे?" सिस्टर म्हणाली.

"आईसाठी फोटो काढतो. तिला वाटतं मी इथे नुसता लोळत असतो."

मला त्या बर्फाचं काही कौतुक नव्हतं. माझी आई कुमासीच्या इस्पितळात होती. सारखी तुझंच नाव घेते, लवकर ये, असं भाऊ म्हणाला होता. त्या संध्याकाळचं माझं तिकीट होतं. आता विमानं बंद, फोन बंद. तिला जिवंतपणी एकदा बघायचं, एवढंच मला हवं होतं.

अंत्वी मागच्या दाराने बाहेर गेला. त्याचं हसणं ऐकू येत होतं.

मग ते ऐकू येईना...

काहीच ऐकू येईना.

आणि हाक आली.

"क्वाबेना..."

घराच्या मागून. पाइनच्या झाडांकडून. दम लागलेली, शेवट ओढत ओढत...

माझी आई अशीच हाक मारते.

मी उठलो. सिस्टरने माझं मनगट धरलं. तिनेही ऐकलं होतं.

"चेहरा दिसतोय?"

"सिस्टर, आई आहे ती."

"चेहरा दिसतोय का ते सांग. नाही ना? मग ओ द्यायची नाही. घरी शिकवलं नाही का तुला?"

शिकवलं होतं. आईनेच शिकवलं होतं.

"क्वाबेना..."

मी ओठ आवळून धरले. डोळे वाहत होते.

आणि अंगणातून अंत्वीचा आवाज आला. सहज, खुशीतला.

"हो आई. आलो."

त्याचंही नाव तेच होतं.

आम्ही धावलो. अंगणात कोणी नव्हतं. बर्फ घोट्याएवढाच होता. एकट्याची पावलं पाइनकडे गेली होती... आणि मध्येच संपली होती. पुढे कोरा बर्फ.

तिथे उभं राहून आम्ही "अंत्वी, अंत्वी" ओरडत राहिलो. त्याला क्वाबेना म्हणून हाक मारायचं धाडस दोघांनाही झालं नाही.

फोन बंद, म्हणून सिस्टर चालत जाऊन पोलिसांना घेऊन आली. ते शोधून गेले.

संध्याकाळी नेटवर्क आलं आणि लगेच भावाचा फोन.

"आई गेली रे," तो म्हणाला. "पण सुखाने गेली. सारखी तुला हाका मारत होती. मग एकदम थांबली. म्हणाली, आला माझा क्वाबेना. हात पुढे केला... आणि संपलं."

मी वेळ विचारली, दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक धरून मोजली. आम्ही हाक ऐकली तीच वेळ होती.

बर्फ वितळल्यावर अंत्वी सापडला. पावलं संपली होती तिथेच. आम्ही उभे राहून ओरडत होतो, त्याच जागी. एक हात पुढे, मूठ अर्धवट मिटलेली. लहान मूल मोठ्यांचं बोट धरतं ना, तशी.

थंडीने गेला, म्हणाले. मग आम्ही उभे होतो तेव्हा तो दिसला कसा नाही?

हाक मला होती. आईला कळलं असेल का, आपण कोणाचा मुलगा नेतोय ते? कळलं असेल तर ती पुन्हा येईल का? मी खूप विचार केला. दोन्हीकडून मला झोप लागत नाही.

अंत्वीची आई अजून फोन करते. दर वेळी एकच विचारते.

"शेवटी माझा मुलगा एकटा तर नव्हता ना रे?"

"नाही," मी सांगतो. "एकटा नव्हता."

तेवढं मला नक्की माहीत आहे.