बोटीच्या पोटावरचा स्टिकर

"ए गोगलगाय! हात आहेत की मेणाचे गोळे? ओढ! ओढ ते वल्हं!"

भोंग्यातून आलेला सरांचा आवाज अख्ख्या खाडीभर घुमला. धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या दोन आजोबांनीसुद्धा माना वळवून पाहिलं, कोण बुवा ही गोगलगाय!

गोगलगाय म्हणजे भिंगरी. शाळेच्या मैदानावर कुणाच्या बापाला सापडत नाही म्हणून जिचं नावच भिंगरी पडलं, ती! बिचारी दात-ओठ खाऊन वल्हं ओढत होती. खांदे भरून आले होते, तळहातांना फोड आले होते, आणि तिची सर्फस्की चिखलात रुतल्यासारखी जागची हलेल तर शपथ!

सर्फस्की म्हणजे लांबलचक, अरुंद, आतून पोकळ बोट. वरच्या खळग्यात बसायचं, पाय पुढे पसरायचे, पायांनी सुकाणू फिरवायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने पाणी मागे लोटायचं. नीट जमलं की ती लाटेवरून अशी सुळकन घसरते, की पोटात गुदगुल्या होतात. त्या गुदगुल्यांसाठीच तर भिंगरी, तिची वर्गमैत्रीण वकील आणि शेजारचा ढोल असे तिघं सुट्टीत विमानाने एवढ्या लांब, भिंगरीच्या मावशीकडे, आठवडाभर राहायला आले होते. वकील प्रत्येक गोष्टीवर उलटतपासणी घेते म्हणून वकील. ढोल का ढोल, ते त्याने तोंड उघडलं की कळतं. चौथा गडी पिटुकला, मावशीचा मुलगा. वय वर्षं दहा, पण पाण्यात अगदी मासोळी.

खाडीवरच्या वल्हवण्याच्या क्लबचे सर मावशीच्या ओळखीतले. तिच्यासारखेच अनेक वर्षांपूर्वी या देशात येऊन राहिलेले, आणि त्यांच्याकडे शिकणारी मुलंही तशाच मराठी घरांतली, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण वेगळीच होती. सरांना सगळं येत होतं, फक्त ऐकून घेता येत नव्हतं!

भिंगरी सगळ्यात शेवटी काठाला लागली.

"सर, बोट जड होते," ती धापा टाकत म्हणाली.

"जड होते? का बरं? वाटेत नाश्ता करते का?" सर म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खो खो हसले. इतर मुलंही हसली. भिंगरीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"खरंच सर! जाताना मी सगळ्यांच्या पुढे असते. परत येताना ती नुसती लोळते, डगमगते..."

"हे बघ, सात नंबरची बोट आज सकाळी मी स्वतः धक्क्यापर्यंत नेऊन आणली. ठणठणीत आहे! दमतेस तू आणि नावं ठेवतेस बोटीला. शनिवारच्या समुद्रफेरीत तू वल्हवणार नाहीस. माझ्याबरोबर मोटारबोटीत बसायचं आणि सगळ्यांचे टॉवेल सांभाळायचे. सात नंबर पिटुकल्याला देऊ. त्याचं वजन कमी आहे."

टॉवेल सांभाळायचे! समुद्रफेरी म्हणजे दीपगृहापासून थेट खुल्या समुद्रातून, वारा पाठीशी घेऊन, लाटांवर स्वार होत खाडीत परतायचं. आठवडाभराची सगळी तयारी तिच्यासाठीच चालली होती. भिंगरी वल्हं उचलून चालू लागली. थांबली असती तर रडली असती, आणि सरांसमोर तर तिला मुळीच रडायचं नव्हतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मावशीने तिच्या फोडांना मलम लावलं. मावशी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणून सांगते, पण त्या दिवशी भिंगरीने तोंड उघडलं तर तिने ऐकूनच घेतलं नाही.

"अगं, सर काय तुझे वैरी आहेत? एवढी वर्षं शिकवतायत. मागे पडलं की बोटीवर ढकलायचं, हे बरं दिसतं का?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"खोटं नाही गं. सबब म्हणतात त्याला."

"सबब!" भिंगरी ताडकन उठली. "बोटीत मी बसते, वल्हं मी ओढते, फोड मला येतात, आणि बोट कशी आहे हे सरांना ठाऊक!"

खोलीत जाऊन ती हवेच्या गादीवर धपकन पालथी पडली. गादीने हूं म्हणून निषेध केला. वकील आणि ढोल तिच्या मागोमाग आलेच.

"उलटतपासणी," वकील म्हणाली. "जाताना पहिली, येताना शेवटची. हे एकदाच झालं की रोज?"

"रोज!"

"माणूस दमला तर हळूहळू मागे पडतो. तू एकदम पडतेस. शिवाय बोट डगमगते. दमल्यावर बोट कशाला डगमगेल?"

"बरोब्बर!" ढोल एवढ्या मोठ्याने ओरडला, की पिटुकला दचकून आत आला. "उद्या मी बसतो सातमध्ये. माझे हात काही मेणाचे नाहीत. मग कळेल!"

दुसऱ्या दिवशी खाडीच्या पार टोकाला, जिथे वाळूच्या दांड्यावर सगळे थांबून दम खातात, तिथे ढोलने गुपचूप सात नंबर घेतली आणि भिंगरी त्याच्या बोटीत बसली. परतीचा प्रवास सुरू झाला आणि भिंगरी जी सुटली, ती थेट काठालाच लागली. पहिली! वळून पाहते तर ढोल सगळ्यांच्या मागे. दोनदा उलटला, दोनदा चढून बसला, आणि शेवटी आला तेव्हा त्याचा आवाजसुद्धा बसला होता.

"बाप रे," तो पुटपुटला. "ही बोट नाही, पाणघोडा आहे."

आता तरी सरांना कळायला हवं होतं की नाही? क्लबातला सगळ्यात दणकट मुलगा त्याच बोटीत रडकुंडीला आला, हा पुरावा कमी होता का? पण सरांनी काय केलं ठाऊक आहे? कंबरेवर हात ठेवले!

"न विचारता बोटी बदलल्या? शिस्त म्हणून काही आहे की नाही? ढोल, उद्या दिवसभर तू काठावर!"

"पण सर, बोट..." वकील पुढे झाली.

"बोटीबद्दल एक शब्द नको!"

मग चौघं काठावर बसून राहिली, आणि बसून काय करणार, सरांकडे डोळे वटारून बघत राहिली. तेच बरं झालं. कारण सर रोज काय करतात, हे त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं.

सर एकेक बोट नळीने धुवायचे, शेपटीजवळचं छोटं बूच उघडायचे आणि काठावरच्या मांडवातल्या लाकडी घोड्यांवर बोट पालथी टाकायचे, शेपटीकडून उतरती. आतला दमटपणा निघून जावा म्हणून. बुचांना सरांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा कडक नियम होता. सकाळी तेच बुचं लावायचे.

"अरे, हे बघा!" पिटुकला ओरडला.

बाकी बोटींच्या बुचांच्या भोकांतून दोन-चार थेंब टपकले आणि संपलं. सात नंबरच्या भोकातून मात्र नळ सोडल्यासारखी धार लागली होती. वाळूत चांगलं डबकं साचलं.

वकीलने कपाळावर हात मारला. "म्हणजे दिवसभर बोट पाणी पिते आणि रात्रभर ओकते! सकाळी सर फिरवून आणतात तेव्हा ती रिकामीच असते. ठणठणीत असणारच की!"

चौघं धावत सरांकडे गेली. सरांनी डबक्यावर नजर टाकली, न टाकल्यासारखी.

"धुतल्यावर पाणी गळायचंच. पळा घरी!"

"मग बाकीच्या बोटी काय तुम्ही कोरड्या धुतल्या का?" भिंगरी म्हणाली. पण सर तोवर निघूनही गेले होते. अशा वेळी अंगाचा कसा तिळपापड होतो, ते तिलाच विचारा!

पिटुकला अजून पालथ्या बोटीकडेच टक लावून बघत होता. "ताई, बोटींचे नंबर बाजूला लिहिलेत ना? मग सातच्या पोटावर हा क्लबचा गोल स्टिकर कशाला? तो कोण बघणार? मासे?"

बाकीच्यांनी वाकून पाहिलं. खरंच की! बाकी एकाही बोटीच्या पोटावर स्टिकर नव्हता. आणि हा तर नवा कोरा, चकचकीत.

"उपटूया!" ढोल म्हणाला.

"अजिबात नाही," वकील म्हणाली. "उपटलास तर म्हणतील, पोरांनीच बोट फोडली. त्यांच्या डोळ्यांदेखत दिसलं पाहिजे."

"पण कसं?"

भिंगरी विचार करत होती. समुद्रफेरीचं तिला आता तेवढं वाटत नव्हतं. तिला दुसरंच दिसत होतं. खुल्या समुद्रात, काठ दिसेनासा झाल्यावर, या बोटीत पिटुकला बसलेला असणार होता. खाडीत बोट जड झाली तर माणूस मागे पडतो. समुद्रात जड झाली तर?

"सायकलचं पंक्चर कसं शोधतात रे ढोल?" तिने विचारलं.

"सोपं आहे. हवा भरायची, पाण्यात धरायची, बुडबुडे आले की सापडलं!"

"बोट पाण्यात धरता येणार नाही. पण साबणाचं पाणी बोटीवर फासता येईल. आणि हवा भरायला आपल्या गादीचा पंप आहे!"

शनिवारी सकाळी काठावर मुलांचे आईवडील जमले होते. वारा मस्त होता, समुद्र पांढऱ्या तुऱ्यांनी भरला होता. सर मोटारबोटीत इंधन भरत होते. त्यांनी बुचं लावायच्या आधीच चौघांनी सात नंबर मांडवातून बाहेर काढली आणि दोन घोड्यांवर पालथी टाकली. ढोलने पंपाची नळी बुचाच्या भोकात घातली आणि भोवती ओलं फडकं गच्च दाबून धरलं. वकीलने साबणाचा फेस केला. पिटुकला बोटीच्या पोटावर स्पंज फिरवू लागला.

"ए! ए! काय चाललंय?" सर धावतच आले. "बाजूला व्हा आधी!"

"भिंगरे!" मावशीही तरातरा आली. "कमाल झाली तुझी! चारचौघांत शोभा करतेस?"

भिंगरीचा पाय पंपावर होता. तिचा आवाज थरथरत होता, पण पाय नाही.

"मावशी, तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. नुसतं बघ. ही बोट आज तुझ्या मुलाला देणार आहेत."

मावशी थबकली. तिने पिटुकल्याकडे पाहिलं. मग तिने एकदम हात आडवा करून सरांना अडवलं.

"दोन मिनिटं थांबा, सर."

"अहो, पण..."

"थांबा म्हटलं ना!"

फस्‌, फस्‌, फस्‌. पंप चालू झाला. सगळे वाकून बघत होते. आणि मग स्टिकरच्या कडेने एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग एका बाजूने अख्खी माळच! स्टिकर मधोमध फुगला, त्याची एक कड सुटली आणि फेस भसाभसा वर येऊ लागला.

"उपटू आता?" ढोलने विचारलं. त्याचा आवाज परत आला होता. धक्क्यावरच्या आजोबांनाही ऐकू गेला.

स्टिकर मावशीनेच उपटला. खाली करंगळीएवढ्या लांबीचा तडा होता, वरवर कसलातरी मसाला फासलेला, तोही निम्मा निघालेला. दात किडलेला असताना वरून रंग लावणाऱ्याकडे बघावं, तसं मावशीने सरांकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

सर चाचरत म्हणाले, "ते... सुट्टी सुरू व्हायच्या आधी ट्रेलर मागे घेताना बोट फाटकाच्या खांबावर आदळली. मीच चालवत होतो. तडा बारीकसाच होता. मी बुजवला आणि वरून स्टिकर लावला. मला वाटलं, भागेल. रोज सकाळी तपासत होतो की मी!"

"रिकामी करून तपासत होतात!" वकील म्हणाली. "रोज रात्री तुम्हीच पुरावा गाळून टाकत होतात, सर!"

"आणि या पोरीला गोगलगाय म्हणत होतात," मावशी म्हणाली. "माझा पोरगा आज यात बसून खुल्या समुद्रात गेला असता!"

मग काठावर एकच गलका झाला. आईवडील सरांवर तुटून पडले. सरांनी मान खाली घातली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी ते भिंगरीसमोर आले.

"चुकलो मी. तू सांगत होतीस आणि मी हसत होतो. शाबास पोरी!"

"शाबास! काय डोकं चालवलं!" सगळे म्हणू लागले. कुणी ढोलची पाठ थोपटली, कुणी पिटुकल्याला उचलून घेतलं. मावशीने भिंगरीला जवळ ओढलं, पण ती अंग चोरून उभी राहिली.

"फेस दिसला म्हणून आता शाबास," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिने ते पुसलंही नाही. "मी रोज सांगत होते, तेव्हा काय झालं होतं? मावशी, तू सुद्धा!"

मावशी नुसती म्हणाली, "चुकलं माझं. सबब नाही सांगत." आणि तेव्हा कुठे भिंगरी तिला बिलगली.

त्या दिवशी एकेक बोट घोड्यांवर चढली, एकेकीवर साबण फासला गेला, आणि सगळ्या नीट आहेत याची मुलांनी खात्री केल्यावरच समुद्रफेरी निघाली. भिंगरीला सरांनी स्वतःची बोट दिली, पिटुकल्याला क्लबातली राखीव. लाटा अशा उसळत होत्या, की पोटात गुदगुल्याच गुदगुल्या!

ढोल पहिला आला. भिंगरी तिसरी. काठाला लागताच ती फुरंगटून म्हणाली, "सर, सुकाणू अडकत होतं!"

कुणी हसलं नाही. सर लगेच ओल्या वाळूत गुडघे टेकून बसले. त्यांनी सुकाणू डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, तार ओढून पाहिली, पायाच्या पट्ट्या दाबून पाहिल्या. मावशीही वाकून बघत होती.

"सुकाणू चांगलं आहे गं," सर जपून म्हणाले. "तूच बघ एकदा."

भिंगरीने पाहिलं. पुन्हा पाहिलं. सुकाणू लोण्यासारखं फिरत होतं.

"बरं मग, हरले!" ती म्हणाली. "हरायला माझी कधी ना नव्हती. पण हरायचं तर माझ्या हातांनी हरेन, फुटक्या बोटीमुळे नाही!"

आणि ढोलला पाण्यात ढकलून ती खुशाल हसत सुटली.