निळी बादली

"उद्या औषध फवारलं का शिंगाडे बी मरतीन अन् मासोळी बी!" गोलू काठी आपटत म्हणाला. "जलपर्णी आणणारा चोर आजच पकडाचा."

"मी पाणी चाखून चोर सांगतो," धम्मदीप म्हणाला.

"चाख. मंग आधी तुलेच दवाखान्यात नेऊ."

दिवाळीच्या सुट्टीत हर्षा तुमसरहून कोंढ्याला मामाकडे आली होती. धम्मदीप तिचा मामेभाऊ आणि गोलू त्याचा जिवाभावाचा दोस्त. गावामागची बोडी म्हणजे लहानसा तलाव. यंदा जांभळ्या फुलांच्या जलपर्णीनं तो पार झाकून टाकला होता आणि गोलूच्या आजोबांचे, म्हणजे गोमाजी आबाजींचे शिंगाड्याचे वेल पिवळे पडत चालले होते. गोमाजी धरणावर मासे धरायला जात, त्यांच्याच जाळ्यातून ही बला आली, असं सरपंच ईश्वरभाऊंनी घरबसल्या ठरवून टाकलं. उद्या फवारणी करायची आणि बोडी गोमाजींकडून काढून घ्यायची. काठावर येऊन बघायची तसदी कोणी घेतली नव्हती.

"आबाजीचे जाळे त्या पाळीवर वाळतेत," गोलूनं पलीकडचा बांध दाखवला. "तिथं तर एक पान नाही. मंग सगळ्यात जुनं झाड कुठं हाय? तिथूनच हे पसरलं असन."

प्रश्न बिनतोड होता. हर्षा मात्र मागं मागं राहू लागली.

पळसाखालच्या कोपऱ्यात जलपर्णी गुडघ्याएवढी वाढली होती. धम्मदीपनं काठी खुपसली तर खट्ट आवाज आला. चिखलातून एक निळी बादली वर आली, मुळांनी गच्च भरलेली.

धम्मदीपचा चेहरा उतरला. "हे तर आमच्या घरची. आई वर्षभर हेच शोधून राहिली." मग तो हळूच म्हणाला, "आईनं तर नसन टाकलं?"

मागच्या दिवाळीत गोसीखुर्द धरणावरून हर्षानंच ते रोप आणलं होतं. एकच. परत जाताना ते बादलीसकट उथळ पाण्यात ठेवलं, पुढच्या सुट्टीपर्यंत जगावं म्हणून. मामीनं फोनवर बादलीचं विचारलं, तेव्हा "मले काय मालूम" म्हणून ती मोकळी झाली होती. आता तरी बोलायला हवं होतं, पण ती वाकून पायाचा चिखल धुवायला लागली.

गोलूनं बादली पुन्हा पाण्यात ढकलली. "राहू दे. तुह्या आईचं नाव नको याले. आबाजीले तसंही लोक बोलूनच राहिले."

हर्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री मामीनं तिच्यासाठी मुद्दाम केलेला मासोळीचा रस्सा तिनं तसाच ठेवला.

सकाळी पंप घेऊन माणसं आली, तर गोमाजींचा डोंगा बोडीच्या मधोमध! आत तिघं पोरं बसलेली. युक्ती हर्षाची होती. पोरं पाण्यात असताना फवारणार कोण?

"बाहेर निघा रे!" ईश्वरभाऊ ओरडले. "औषध अंगावर घेता का?"

"आधी माहं ऐका." हर्षा उभी राहिली. चिखलातून पुन्हा काढलेली बादली तिच्या हातात होती. "हे झाड मी आणलं. गोमाजीआबाजीनं नाही, मामीनं बी नाही. मीच आणलं अन् लपवलं."

काठावर गोमाजीही आले होते. ईश्वरभाऊंनी बादलीकडं पाहिलं, गोमाजींकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "माहं चुकलं, गोमाजी. न बघता बोललो. औषध नको, हे हातानंच ओढून काढू." पंप परत गेला. गावानं तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाड दोर वळला आणि जलपर्णी ओढत ओढत काठाला आणायला सुरुवात केली.

"पोरगी हिंमतीची हाय," ईश्वरभाऊ चारचौघांत म्हणाले. हर्षाला ते कौतुक टोचलं. हिंमत कालच दाखवायची होती.

डोंग्यातून उतरल्यापासून गोलू तिच्याशी बोलला नव्हता. दोर ओढताना त्यानं विचारलं, "काल काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"आता?"

"आता बी वाटते."

गोलूनं थोडा विचार केला आणि सरकून तिला दोरापाशी जागा दिली. "मंग ओढ जोरानं."

दुपारपर्यंत अर्धी बोडी मोकळी झाली. गोमाजींनी निळी बादली घासून धुतली, तिच्यात हिरवे शिंगाडे भरले आणि हर्षापुढं ठेवली.

"मले नको, आबाजी," ती पुटपुटली.

"तुले देतो कोण? बादली तुह्या मामीची हाय. तूच नेऊन दे."

बादली जड होती. दोनदा हात बदलत हर्षा घरापर्यंत पोचली. मामी दारातच उभी होती. तिनं काही विचारायच्या आधीच हर्षा बोलायला लागली.